पिंड सोडला, मग बहिणीचे नाव का वगळले?

वाचकहो, आपल्या घरी कोणी वारले म्हणजे आता कावळ्याची वाट पाहिली जात नाही. नदीकाठी भाताचा गोळा मांडून, मृताची काय इच्छा राहिली असेल या चिंतेने हात जोडून उभे राहण्याची पाळी आपल्यावर येत नाही. भिक्खू अथवा बौद्धाचार्य येतात, त्रिसरण-पंचशील होते, पुण्यानुमोदनाचे चार शब्द बोलले जातात. बावीस प्रतिज्ञांतील श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आपण पाळली, याचा संतोष मानण्यास हरकत नाही. परंतु त्याच सप्ताहात, पाहुणे पांगण्यापूर्वी, आपल्या पुष्कळ घरांत आणखी एक विधी होतो. तो कोणत्याही विधिपुस्तकात छापलेला नाही. थोरला भाऊ कपाटातून कागद काढतो. सासरहून आलेल्या बहिणींचे डोळे अजून ओले असतात. "तलाठ्याकडे द्यायचा आहे" एवढेच सांगून त्यांच्या सह्या वा अंगठे घेतले जातात. बहिणींच्या वाट्याला साडीचोळी येते आणि भावांच्या वाट्याला शेत.

या दुसऱ्या विधीविषयी आज लिहावयाचे आहे. पहिला विधी आपण बदलला आणि दुसरा जसाच्या तसा ठेवला, यात मोठी विसंगती आहे. जुन्या धर्मशास्त्रात वारसा आणि पिंड यांची गाठ बांधलेली होती. बंगालमध्ये चालणाऱ्या दायभागात तर मृताला पिंड देण्याची पात्रता हीच वारसाची कसोटी मानली जाई. आपल्याकडे चालणाऱ्या मिताक्षरेने पिंड शब्दाचा अर्थ देहाचा अंश असा केला खरा, पण पुत्राचे आसन तिनेही हलविले नाही. पुत्र पितरांना तारतो, म्हणून शेत पुत्राचे, असा हा हिशेब होता. आता पितरांना तारण्याची ही कल्पनाच ज्यांनी टाकून दिली, त्यांच्या घरी मुलगा मुलीहून अधिक वारस कोणत्या न्यायाने ठरतो? या प्रश्नाचे उत्तर मी अनेक बांधवांना विचारले. "पूर्वीपासून तसेच आहे" याहून वेगळे उत्तर मला मिळाले नाही; आणि पूर्वीपासून तर गावकीची वेठही होती!

ही रीत आली कोठून, हे पाहण्यासाठी फार लांब जावयास नको. जुन्नर तालुक्यात नारायणगावाला लागून असलेली वारूळवाडी घ्या, अथवा शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील कोणतेही गाव घ्या. या मुलखात आपल्या लोकांच्या हाती जी जमीन होती ती बहुतेक वतनाची, म्हणजे ज्याला आपले वडीलधारे हाडकी-हाडोळा म्हणत ती. या वतनाचा कायदा १८७४ चा. त्याला १८८६ साली मुंबई सरकारने एक पुरवणी जोडली. शेवटच्या पुरुष धारकाची विधवा तेवढी वगळून, वतनदार घराण्यातील प्रत्येक स्त्रीला वतनाच्या वारसाक्रमात पात्र पुरुषांच्या मागे ढकलावे, असे तीत लिहिले होते. मुलगी असली तरी चुलत्याचा मुलगा आधी, असा त्याचा परिणाम. वतन ही सरकारची चाकरी, चाकरी पुरुषाने करावयाची, म्हणून जमीन पुरुषाची, असे त्याचे समर्थन केले जाई. ज्या वतनाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच्या तुकड्यावर राबविले, त्या वतनाचाच हा दंडक होता. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारता'तून या वतनावर प्रहार केले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढे कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. वतन गेले, त्याच्याबरोबर स्त्रीला मागे ढकलणारा तो दंडकही गेला. आपल्या घरातून मात्र तो गेला नाही.

येथे कोणी म्हणेल, "आम्ही बौद्ध झालो, हिंदूंच्या वारसा कायद्याशी आमचा संबंध काय?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा चार महिनेही उरले नव्हते. त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन व शीख यांना तो लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. बौद्धांच्या कायद्याला हिंदू हे नाव असावे, हे अनेकांना खटकते. मलाही खटकते, आणि बौद्धांच्या स्वतंत्र कायद्याची मागणी करणाऱ्यांचा हेतू मला कळतो. तथापि नावावर रागावून आतला ऐवज टाकून देणे परवडणारे नाही. हा ऐवज मूळचा कोणाचा? हिंदू कोड बिल संमत व्हावे म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे झगडा केला आणि ते बासनात गेल्याचे पाहून ज्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यांचा.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. धर्मांतर केले म्हणजे हिंदू राहिलेल्या चुलत्याच्या वा आजोबांच्या मालमत्तेतील हक्क जातो, अशी भीती आपल्या लोकांना घातली जाते. या कायद्याच्या सव्विसाव्या कलमात धर्मांतरितांच्या संततीविषयी तशी अट आहे, हे खरे. परंतु ज्याला ज्याला हा कायदा लागू आहे, तो या कायद्यापुरता 'हिंदू' या शब्दात धरावा, असे दुसऱ्या कलमातच सांगितले आहे. तेव्हा बौद्ध झाल्याने आपल्या मुलाबाळांचा वारसा जात नाही. भावकीतील कोणी हे कलम पुढे करील, तर त्याला दुसरे कलम वाचून दाखवावे.

आता हिशेब पाहू. समजा, वारूळवाडीत एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी आहे. त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे पाच समान भाग होतात. आईचा एक, पत्नीचा एक, आणि तिन्ही मुलांचा प्रत्येकी एक. मृताच्या भावाचा त्यात काहीही वाटा नाही, मग तो घरातला कर्ता असो की गावचा पुढारी असो. पत्नीने पुढे पुनर्विवाह केला तरी तिला मिळालेला भाग तिचाच राहतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत १९५६ च्या कायद्याने मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध भागीदार केले नव्हते. बाबासाहेबांच्या मसुद्यातील एक मोठा भाग तेथेच कापला गेला होता. ती उणीव महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती, आणि संसदेने ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व मुलींसाठी भरून काढली. २००५ साली वडील हयात नव्हते तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निकालात काढले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदणी होऊन अथवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली वाटणी त्यामुळे पुन्हा उकलत नाही.

तेव्हा बहिणीचे नाव लावणे हे भावाचे औदार्य मुळीच नव्हे. ते लावले नाही तर मात्र चूक त्याची. आणि साध्या कागदावर तलाठ्यापुढे "माझा हक्क नाही" असे लिहून घेतल्याने तिचा हक्क संपतही नाही. स्थावराचा हक्क सोडावयाचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, आणि ते समजून-उमजून, राजीखुशीने केलेले असावे लागते. दहा-बारा दिवसांच्या दुखवट्यात घेतलेला अंगठा राजीखुशीचा कसा म्हणावा?

"बहीण स्वतःच मागत नाही," असे उत्तर येते. ती मागत नाही, कारण मागितले तर माहेर तुटेल हे तिला ठाऊक आहे. "दोन एकराचे तुकडे होतील," असेही म्हणतात. नाव लागले म्हणून बांध पडत नाही. बहीण आपला भाग भावाला कसावयास देऊ शकते; विकावयाचा झाल्यास तो इतर वारसांनी प्रथम घ्यावा असा अग्रहक्क याच कायद्याच्या बाविसाव्या कलमात आहे. भावाने किंमत द्यावी, नोंदणी करावी, आणि पुढे साडीचोळीही खुशाल करावी.

या प्रश्नाला आज पूर्वी नव्हते एवढे महत्त्व आले आहे. हाडकी-हाडोळ्याची जमीन एके काळी कोणी फुकट घेतली नसती. परंतु कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालव्याचे पाणी फिरले, नारायणगावची बाजारपेठ वाढली, पुणे-नाशिक रस्ता रुंदावला. आणि कालपर्यंत कुसळे उगवणाऱ्या माळाला गुंठ्याच्या भावाने विचारणा होऊ लागली. संपादनाचा मोबदला येतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या हाती. आणि त्या सातबाऱ्यावर पाहावे, तर आजोबांच्या पिढीतील एकाच भावाचे नाव 'एकत्र कुटुंब कर्ता' म्हणून उभे असते. बाकीच्या तक्षिमदारांचे वारस फार तर इतर हक्कांत असतात आणि त्यांच्या बहिणी कोठेच नसतात. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यात मुंढवा येथील सुमारे चाळीस एकर महार वतन जमिनीचा व्यवहार वृत्तपत्रांत गाजला. त्याच्या चौकशीत शिरण्याचे येथे कारण नाही. शेकडो वारसांच्या कुलमुखत्यारपत्रांची चर्चा त्या निमित्ताने झाली, एवढेच वाचकांनी ध्यानात घ्यावे. ज्या वारसाला आपले नाव कोठे आहे हे माहीत नसते, तो कोणत्याही कागदावर सही देतो.

म्हणून घरातील माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. सर्व वारसांची नावे द्यावीत. फेरफाराची नोटीस निघते. हरकत असेल तर ती त्याच मुदतीत घ्यावी. मृतांची नावे कमी करून वारसांची लावण्यासाठी शासनाने २०२५ साली 'जिवंत सातबारा' ही मोहीम काढली, तिचा लाभ ज्यांनी घेतला त्यांनी उतारा पुन्हा एकदा वाचून बहिणींची नावे आली की नाही ते पाहावे. फेरफार म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे, हे खरे. पण व्यवहारात पहिली लढाई तेथेच हरली वा जिंकली जाते.

एवढे झाल्यावर मृत्युपत्राकडे येतो. हे जाणूनबुजून मागे ठेवले आहे. मृत्युपत्र हे दुधारी शस्त्र आहे. मुलींना कायद्याने भाग दिला तेव्हापासून तो काढून घेण्यासाठीच मृत्युपत्रे लिहिण्याची चाल सधन समाजांत वाढली, आणि तिचे अनुकरण आपल्यातील काही नोकरदार करू लागले आहेत. कायदा त्यांना अडवीत नाही. स्वकष्टाचे सर्व, आणि वडिलोपार्जितातील आपला स्वतःचा भाग, मनुष्य मृत्युपत्राने कोणासही देऊ शकतो. परंतु ज्याच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे त्याने मुलीला वगळणारे मृत्युपत्र लिहावे, हे मला समजत नाही. ज्या घरात कायद्याचा वारसाक्रमच न्याय्य आहे तेथे मृत्युपत्राची घाई नको. सर्व वारसांची नावे लावा, तेवढे पुरे.

जेथे कायदाच अन्याय करतो तेथे मात्र मृत्युपत्र लिहिलेच पाहिजे, आणि असे एक मोठे स्थान आहे. ते म्हणजे स्त्रीची स्वतःची मालमत्ता. निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या स्वकमाईचे धन पंधराव्या कलमाप्रमाणे प्रथम तिच्या पतीच्या वारसांकडे जाते. तिचे आईबाप त्यांच्या मागे उभे राहतात. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात पती लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत वारला होता, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले होते, माहेरच्यांनी शिकवून नोकरीस लावले होते. ती वारल्यावर बँकेतील ठेव आणि भविष्यनिर्वाह निधी न्यायालयाने सासरच्यांना दिला, कारण कलमात भावनेला जागा नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. आपल्या समाजातील शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ज्या बहिणीला सासरने टाकले आणि जिने आईला सांभाळले, तिची शिल्लक कोणाकडे जावी हे तिने स्वतः लिहून ठेवावे. रीतसर दत्तक न घेता वाढविलेली मुले, गावचे विहार, यांनाही कायदा वारस मानीत नाही. त्यांच्यासाठी लिहावेच लागते.

लिहिणे कठीण नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, ठराविक नमुना नाही, साध्या कागदावर मराठीत लिहिले तरी चालते. करणाऱ्याने सही वा अंगठा करावा, आणि निदान दोन साक्षीदारांनी ते पाहून आपल्या सह्या कराव्यात. साक्षीदार शक्यतो करणाऱ्याहून वयाने लहान आणि ज्यांना काही मिळावयाचे नाही असे असावेत, म्हणजे पुढे न्यायालयात उभे राहावयास ते हयात असतील आणि त्यांच्या शब्दाला वजन राहील. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवली तर कागद हरवत नाही. मन बदलले तर नवे लिहिता येते. वतनाच्या नव्या शर्तीची जमीन असेल, तर आधी उताऱ्यावरील शर्त वाचावी. हस्तांतराची बंधने असलेली अशी जमीन मृत्युपत्राने कुटुंबाबाहेर देता येईल असे गृहीत धरू नये. आणि बँकेत वा सोसायटीत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले तो मालक होतो, ही समजूत सोडावी. तो पैसा स्वीकारणारा हात आहे. वाटा वारसांचा वा मृत्युपत्राप्रमाणेच पडतो.

प्रोबेट या शब्दाने पुष्कळ लोक घाबरतात. मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला म्हणजे प्रोबेट. जुन्नर-आंबेगावच्या मालमत्तेसाठी तो आपल्याला कधीच सक्तीचा नव्हता. सक्ती होती ती मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांपुरती, आणि १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात त्या संदर्भात बौद्धांचे नाव स्पष्ट घातलेले होते. पोटासाठी मुंबईस गेलेल्या आणि तेथे स्वतःचे घर केलेल्या आपल्या कुटुंबांना त्याचा फार त्रास झाला. गावचे शेत मृत्युपत्रावर नावावर होई, मुंबईचे घर होत नसे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्यातील कलम २१३ काढून टाकले आणि ही सक्ती संपविली. वाद असेल तर आजही प्रोबेट घेता येते. मृत्युपत्र नसेल आणि बँकेतील ठेवीचा प्रश्न असेल, तर दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यावे लागते.

"लिहून ठेवण्याची आपली परंपरा नाही," असे मात्र कोणी म्हणू नये. निदान जुन्नरच्या माणसाने तरी म्हणू नये. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी ही लेणी आपल्या दारात आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आहेत, कारागिरांच्या श्रेणींची नावे आहेत. एका शक उपासकाने वडालिका गावातील वीस निवर्तने आणि कटपुतक गावातील नऊ निवर्तने जमीन दिल्याचा लेख तेथे आहे. करंज आणि वड यांचा उल्लेखही त्यात केला आहे. गाव कोणते, क्षेत्र किती, देणारा कोण, हे सारे खडकावर. आजच्या कित्येक मृत्युपत्रांत गट नंबरसुद्धा नसतो! सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत योग्य वेळी मुलांना वारसा स्वाधीन करणे हे एक आहे. योग्य वेळ म्हणजे घरचे सरणाची लाकडे जमवू लागतात ती नव्हे.

वेळेवर व्यवस्था न लागल्याने काय होते याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या समाजाने पाहिले आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची कागदपत्रे दिल्लीत न्यायालयाच्या ताब्यात गेली, पुढे महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आली, आणि अप्रकाशित हस्तलिखिते पेट्यांत पडून राहिली. ती प्रकाशित व्हावीत म्हणून नागपूरच्या एका वकिलांना न्यायालयात जावे लागले. शासनाने लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला तो १९७९ साली. पेट्यांतील अप्रकाशित लेखनाचे खंड १९८७ पासून आले. तीस वर्षे! त्या काळात जे तरुण होते, त्यांच्यापैकी किती जण ते वाचण्यापूर्वीच गेले.

आपल्या विहारांत दर वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वारूळवाडीच्या आणि शेजारच्या गावांच्या बांधवांना माझी विनंती आहे की यंदा त्यातील एक सायंकाळ सातबाऱ्याला द्यावी. प्रत्येक घराने आपला सातबारा, आठ-अ आणि वारसाचा फेरफार घेऊन यावे. वाचता येणाऱ्या मुलामुलींनी ते मोठ्याने वाचावेत. ज्या उताऱ्यात बहिणीचे नाव नसेल त्यावर पेन्सिलीने खूण करावी. आणि त्या सायंकाळी सासरी गेलेल्या मुलींना निरोप धाडून बोलावून घ्यावे.